उजेडबुवांचा रिसीव्हर

आक्कांचा फोन आला तेव्हा मी रक्तदाबाची गोळी जिभेवर ठेवून पाण्याचा पेला शोधत होते.

"तू आत्ताच्या आत्ता ये," आक्का म्हणाल्या. "याने जेवणाच्या टेबलावर विमान आणून ठेवलंय."

गोळी तोंडातच विरघळली. इतकी कडू चव मी त्याआधी कधी घेतली नव्हती.

"कुणी?"

"कुणी म्हणजे? माझ्या भावाने! सत्तरी उलटली, आता हा एवढाच उजेड पाडायचा राहिला होता."

आक्कांचा भाऊ म्हणजे आमचे उजेडबुवा. आमच्या नाटक कंपनीत त्यांनी बत्तीस वर्षं दिवे सांभाळले. खरं नाव हजेरीपटावर असेल; आम्ही कुणी ते कधी उच्चारलं नाही. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीला एक चौकोनी भोक असे, त्यामागे एक खोली, त्या खोलीत दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारे डिमर आणि डिमरमागे बुवा. आम्ही उजेडात नाचायचो, रडायचो, मरायचो, पुन्हा उठून नमस्कार करायचो. बुवा अंधारात बसून दांडे वरखाली करायचे. कधी टाळ्या नाहीत, कधी हार नाही. बोलणं म्हणाल तर दौऱ्यावरच्या दहा तासांच्या प्रवासात "खिडकी लावू का?" एवढंच. असा माणूस विमान उडवणार? मला कुणी सांगितलं असतं की आमच्या तालमीच्या हॉलमधलं कपाट गायला लागलंय, तर त्यावर आधी विश्वास बसला असता.

जाऊन बघते तर खरंच विमान! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख. मिठाची बरणी आणि लोणच्याची बाटली जमिनीवर. हलक्या बाल्सा लाकडाच्या फासळ्या, त्यांवर ताणून बसवलेला पिवळा पातळ कागद. खिडकीतून आलेला प्रकाश पंखातून आरपार जाऊन टेबलावर पडला होता आणि बुवा त्या प्रकाशाकडे बघत उभे होते, पूर्वी रंगीत तालमीला माझ्या चेहऱ्यावरच्या उजेडाकडे बघायचे तसे.

"चौदा महिने लागले," ते म्हणाले.

"चौदा महिने! आणि मला पत्ता नाही?"

"मला तरी कुठे होता," आक्का म्हणाल्या. "पलंगाखाली ठेवायचा. मला वाटायचं, म्हातारपणी झोप येत नाही म्हणून खुडबुड करतोय. आज पंख जोडले आणि पलंगाखाली मावेना, म्हणून बिंग फुटलं."

मग हळूहळू हकीगत कळली. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर रिमोटवर विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब होता. वर्षभर बुवा दर रविवारी तिथे जाऊन क्लबच्या विमानावर शिकत होते आणि आक्कांना सांगत होते, फिरायला जातो. आता स्वतःचं विमान तयार झालं होतं. पण एकट्याने उडवायची परवानगी मिळण्याआधी परीक्षा होती. बुवांचा उजवा हात चार वर्षांपासून थरथरतो. चहाचा कप ते दोन हातांनी धरतात. परीक्षेत नापास झाले, तर क्लबचा नियम स्पष्ट होता : शिकवणाऱ्या डॉक्टरबाई शेजारी उभ्या राहणार, दुसरा रिमोट त्यांच्या हातात असणार आणि त्यांना वाटेल तेव्हा त्या विमान आपल्याकडे घेणार. पास होईपर्यंत; हाताकडे बघता कदाचित कायमचं.

"मग काय बिघडलं?" मी म्हणाले. "उडतंय ना?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य त्या दिवशी ऐकलं. "बाई, बत्तीस वर्षं मी दुसऱ्याने क्यू दिला की दिवा लावला आणि दुसऱ्याने क्यू दिला की मालवला. एक गोष्ट तरी मला माझ्या मनाने वर न्यायची आहे आणि माझ्या मनाने खाली आणायची आहे."

मी खुर्चीत बसले. बत्तीस वर्षांत या माणसाला काही हवं असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. लाज वाटली.

विमानात सगळं बसवून झालं होतं, फक्त रिसीव्हर घ्यायचा होता. "मीही येते," मी म्हणाले. रिसीव्हर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण दुकानात जायचं तर मत द्यायला मी लागतेच.

दुकान एका जिन्याखाली होतं. भिंतभर पंखे, चाकं, तारा, इवल्याइवल्या मोटरी. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून दुसराच चष्मा शोधत होता. बुवांनी पिशवीतून आपला रिमोट काढून काउंटरवर ठेवला. दोन कांड्या असलेली ती पेटी पाहून दुकानदाराने मान डोलावली.

"पहिलं म्हणजे याच कंपनीचा रिसीव्हर लागेल," तो म्हणाला. "दुसऱ्या कंपनीचा आणलात तर हा बोलेल आणि तो ढिम्म ऐकणार नाही."

"आमच्या कंपनीत एकाच कंपनीचे असून ऐकायचे नाहीत," मी म्हणाले.

त्याने तीन डब्या काढल्या. मी पुन्हा थक्क. एवढ्या विमानाचा मेंदू म्हणून मी निदान साबणाच्या वडीएवढी वस्तू गृहीत धरली होती. हा तर काडेपेटीहून लहान!

पहिला रिसीव्हर सगळ्यात हलका. "हॉलमध्ये, अंगणात उडवायला ठीक," दुकानदार म्हणाला. "लांब गेलं की याला ऐकू येत नाही." बुवांनी तो हळूच बाजूला सारला. दुसरा लांबचं ऐकणारा, चार कामं करणारा : मोटर, शेपटीचं वरखाली, शेपटीचं डावंउजवं आणि पंखांच्या झडपा. तिसरा तसाच, पण त्याला दोन बारीक तारा होत्या, झुरळाच्या मिशांसारख्या. त्या काटकोनात चिकटवायच्या, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी मिशी ऐकत राहते.

बुवांनी तिन्ही डब्या नीट मांडल्या आणि एकच प्रश्न विचारला. "ऐकू येणं बंद झालं तर हा काय करतो?"

दुकानदार खूश झाला. "हे कुणी विचारत नाही बघा! दुसरा जो आहे तो मोटर बंद करतो. कारखान्यातच तसं ठरवलेलं, आपल्याला बदलता येत नाही. तिसऱ्यात तुम्ही ठरवायचं. कांड्या हव्या तशा धरायच्या आणि हे बटण दाबायचं. त्या क्षणी कांड्या जिथे असतील ते तो लक्षात ठेवतो. संपर्क तुटला की तेच करत राहतो. फेलसेफ म्हणतात त्याला. बहुतेक लोक मोटर बंदच..."

एवढ्यात दारात एक गिऱ्हाईक तुटकं हेलिकॉप्टर घेऊन आलं आणि भांडायला लागलं. दुकानदार तिकडे वळला. बुवा तिसरी डबी हातात धरून माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. आमच्या दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली होती.

ती गोष्ट सांगायला हवी, कारण माझं जे काही नाव झालं ते तिच्यावर झालं.

एका नाटकाच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी माझा नवरा झालेला नट कप फोडून निघून जातो. दार आपटतं. तीन आकडे मोजायचे आणि अंधार. एका प्रयोगात दार आपटलं, मी तीन मोजले, सात मोजले, दहा मोजले, अंधार नाही! समोर पाचशे माणसं, माझ्याकडे एक वाक्य उरलेलं नाही आणि डोक्यावर लख्ख उजेड. मी खाली बसले आणि काहीतरी करायचं म्हणून फुटलेल्या कपाचे तुकडे एकेक करून वेचू लागले. भीतीने डोळ्यांतून पाणी येत होतं. प्रेक्षागृहात शिंकेचासुद्धा आवाज नाही. शेवटचा तुकडा मी ओंजळीत घेतला आणि मग अंधार झाला. टाळ्या थांबेनात. पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते मिनिट ठेवलं गेलं. लोक तिकीट काढायचे ते त्या मिनिटासाठी.

क्यू देणाऱ्या माणसाकडून क्यू आलाच नाही, असं बुवांनी नंतर सांगितलं. दिग्दर्शकांनी त्यांना मिठी मारली. घाईघाईने अंधार केला असतास तर अंक मेला असता, म्हणाले. आणि दिव्यांच्या खोलीतल्या भिंतीवर दिग्दर्शकांनी स्वतः खडूने लिहिलं : क्यू चुकला तर शेवटचा उजेड धरून ठेवा. खडू पुसट झाला की कुणीतरी पुन्हा गिरवायचं. आमच्या कंपनीत तो कायदाच होता.

"शेवटचा उजेड, बुवा!" मी दुकानात म्हणाले. बुवा हसले, पैसे मोजले आणि तिसरी डबी खिशात गेली.

घरी आल्यावर त्यांनी मिशा काटकोनात चिकटवल्या, रिसीव्हर विमानाच्या पोटात स्पंजमध्ये गुंडाळून ठेवला, रिमोटशी त्याची जोडी जुळवली. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. मग पंखा काढून ठेवला आणि मोटरची कांडी त्यांनी बरोबर मध्यावर आणली. विमान सरळ तरंगत राहील, ना वर चढेल ना खाली येईल, इतकी. बाकी सगळं सरळ. बोट बटणावर ठेवलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. म्हणजे क्यू मीच दिला. हे मी अगदी स्पष्ट लिहून ठेवते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं मैदानावर गेलो. आक्का "मी तोंडसुद्धा बघणार नाही" म्हणत सगळ्यांत आधी तयार झाल्या होत्या. एका टोकाला पत्र्याची शेड, तिच्यासमोर त्यांनी घडीची खुर्ची टाकली आणि थर्मास मांडीवर घेतला.

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर होत्या. उंच, कोरड्या, बोलताना समोरच्याच्या तोंडात बघणाऱ्या. "काका, उडवायच्या आधी जमिनीवरच्या दोन चाचण्या," त्या म्हणाल्या. "विमान कोण धरणार?"

"मी," मी म्हणाले. अशी संधी मी सोडते होय?

मी गुडघे टेकले आणि विमानाची कंबर पंखांच्या मागून दोन्ही हातांनी धरली. पहिली चाचणी लांबून ऐकू येतं का याची. बुवा तीस पावलं दूर गेले, रिमोटची ताकद कमी केली, कांड्या हलवल्या. शेपटी हलली, पंखांच्या झडपा हलल्या. उत्तम. बुवा परत आले. "आता मोटर अगदी हळू चालू करा आणि रिमोट बंद करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. पंखा माझ्यापुढे फिरू लागला, टेबलफॅनसारखा. छान वारा येत होता.

बुवांनी रिमोट बंद केला.

पंखा थांबायला हवा, अशी डॉक्टरबाईंची अपेक्षा. तो आहे तसा फिरेल, अशी माझी. दोन्ही चुकलं. रिसीव्हरला अर्धी मोटर शिकवली होती ना, त्याने संपर्क तुटताच ती इमानेइतबारे अर्धी केली. एकदम गर्जना! माझी शाल वाऱ्याने उडाली, मला वाटलं पंख्यात जाते, आणि शाल धरायला मी हात काढला.

"सोडू नका!" डॉक्टरबाई ओरडल्या. पण सुटलं होतं.

विमान गवतावरून उड्या मारत सुटलं, चौथ्या उडीला हवेत गेलं. सरळ. ना फार वर, ना खाली. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. आणि समोर होती पत्र्याची शेड, शेडसमोर खुर्ची, खुर्चीत आक्का.

मी नाटकात किंकाळ्या पुष्कळ मारल्या आहेत. त्या वेळी एक निघाली नाही.

बुवांनी रिमोट चालू केला. तो लगेच चालू होत नाही. आधी मोटरची कांडी पूर्ण खाली आणायला लावतो, तोवर कर्कश बोंबलत राहतो. बुवांनी थरथरत्या हाताने ती खाली ओढली. एक सेकंद. दोन. तीन. आक्का थर्मास पोटाशी धरून खुर्चीतच वाकल्या. मग विमानाने नाक वर केलं, आक्कांच्या वरून हातभर अंतराने गेलं, पत्र्याच्या कडेला एक चाक आपटून तिथेच ठेवलं आणि पलीकडे आकाशात चढलं.

"माझ्याकडे द्या!" डॉक्टरबाई हात पुढे करून म्हणाल्या; त्यांचा रिमोट अजून पिशवीतच होता.

"नाही," बुवा म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हा शब्द प्रथमच ऐकत होते.

त्यांनी एक मोठं वळण घेतलं, विमान वाऱ्याच्या समोर आणलं, मोटर कमी करत करत एका चाकावर उतरवलं. ते तिरकं होऊन गवतात फिरलं आणि गप्प झालं. हात शेवटपर्यंत थरथरत होता. कांडीबरोबर विमानही थोडं थरथरत उतरलं, पण उतरलं.

आक्का उठून चालत आल्या. चेहरा पांढराफटक. "अरे," त्या भावाला म्हणाल्या, "लहानपणी तू मला विहिरीत ढकलायला निघाला होतास, ते राहून गेलं म्हणून आज का?" आणि मग त्यांनी त्याचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मोटर अर्धी कुणी ठेवली?" डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला होता, म्हणून जास्त भीती वाटली. "काका, तुमच्यासारखा काटेकोर माणूस?"

बुवांची बाजू मांडणं माझं काम होतं. मी उभी राहिले आणि तो प्रयोग, तो कप, ते मिनिट, भिंतीवरचा खडू, सगळं डॉक्टरबाईंना सांगितलं. चांगलं सांगितलं असावं, कारण आसपासची दोनतीन माणसं विमानं सोडून ऐकायला आली. "क्यू चुकला तर शेवटचा उजेड धरून ठेवायचा," मी संपवलं, "हे यांनी आम्हाला शिकवलं."

"बाई," बुवा म्हणाले. "क्यू आला होता."

"काय?"

"क्यूचा लाल दिवा लागला होता. मी दांडा ओढला. दांडा आला नाही. अडकला होता. आदल्या दिवशी त्याला तेल घालायचं माझ्याकडून राहिलं होतं. तुम्ही कपाचे तुकडे वेचत होता तेव्हा मी पाय भिंतीला लावून दोन्ही हातांनी दांडा ओढत होतो. शेवटी सुटला आणि मी खुर्चीसकट मागे पडलो."

माझ्या कानात गर्जना सुरू झाली, पंख्यासारखी.

"घाबरून मी सांगितलं, क्यू आला नाही. क्यू देणाऱ्याला बिचाऱ्याला बोलणी बसली. वर्षभर मी त्याला माझ्या वाट्याचा चहा पाजला. आणि दिग्दर्शकांनी मिठी मारली, भिंतीवर लिहिलं. रोज ते वाचून वाचून... मलाही खरं वाटायला लागलं."

माझं आयुष्य ज्या मिनिटावर उभं होतं, ते मिनिट तेल न घातलेल्या एका दांड्याने दिलं होतं. मी गवतात बसले. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांपुढे आलं ते पाय भिंतीला लावून दांडा ओढणारे बुवा, आणि त्याच वेळी खाली मी, जीव मुठीत धरून कपाचे तुकडे वेचतेय. दोघंही घाबरलेले, दोघंही एकटे, मध्ये पाचशे माणसं. आणि मला हसू फुटलं. आक्कांना वाटलं, मला झटका आला.

"ते मिनिट तुमचंच होतं, बाई," बुवा म्हणाले. "दांडा नुसता अडकला. तुकडे तुम्ही वेचलेत."

"पाच माणसांसमोर सांगितलंत ते बरं केलंत," मी म्हणाले. "मला एकटीला गाठून सांगितलं असतं तर मी कुणाला सांगितलं नसतं."

डॉक्टरबाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. "उडवणं आणि उतरवणं, पास. रिसीव्हर, नापास. म्हणजे आज नापास. पुढच्या रविवारी पुन्हा."

त्याच दुपारी टेबलावर विमान पुन्हा पसरलं. मोडलेलं चाक बसवून झाल्यावर बुवांनी मोटरची कांडी पूर्ण खाली ओढली. बोट बटणावर ठेवलं. किती वेळ! हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून अंधार करायला निघाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम लोणच्याच्या बाटलीकडे बघितलं. बटण दाबल्याचा आवाज झाला.

पुढच्या रविवारी आक्कांनी खुर्ची शेडच्या मागे लावली. मी शाल घरी ठेवून आले. बुवांनी रिमोट बंद केला आणि माझ्या हातांत पंखा थांबला. ती शांतता मला अजून आठवते. डॉक्टरबाईंनी मान डोलावली, सही केली आणि दुसरा रिमोट पिशवीत टाकून दहा पावलं मागे गेल्या.

विमान चढलं. पिवळ्या पंखांतून ऊन दिसत होतं. बुवांनी एक फेरी घेतली, दुसरी घेतली, पाचवी घेतली. हात थरथरत होता, त्याकडे आता कुणी बघत नव्हतं, ते स्वतःही नाही. आठव्या फेरीनंतर आकाशावरची नजर न काढता ते म्हणाले, "बाई, आणू का खाली?"

जिभेवर आलेलं 'आणा' मी गिळलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकं अवघड काही गेलं नसेल. आक्काही शेडमागून काही बोलल्या नाहीत. डॉक्टरबाई आपल्या बुटांकडे बघत होत्या.

बुवांनी थोडी वाट पाहिली. मग आणखी तीन फेऱ्या मारल्या आणि त्यांना वाटलं तेव्हा विमान खाली आणलं.